त्सुरेकीची तयारी: ग्रीक ईस्टरच्या गोड पावासाठी

त्सुरेकी करायची ठरली की आधी कॅलेंडर काढा. ग्रीसमधलं ऑर्थोडॉक्स चर्च ईस्टरची तारीख जुन्या ज्युलियन गणनेवरून काढतं, त्यामुळे ती वसई-वांद्र्याच्या ईस्टरशी जुळेलच असं नाही. २०२५ साली दोन्ही २० एप्रिललाच आले. २०२६ मध्ये कॅथलिकांचा ५ एप्रिल, ग्रीकांचा १२. आणि २०२७ मध्ये २८ मार्च आणि २ मे, म्हणजे महिन्याहून जास्त अंतर. तारीख समजली की तिच्या आधीचा गुरुवार हा पाव भाजायचा दिवस. त्याच दिवशी घरोघरी अंडी लाल रंगात रंगवतात. शुक्रवार हा ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस, शोकाचा. त्या दिवशी भाजणं-तळणं बरीच घरं टाळतात. गुरुवार हुकला तर शनिवार सकाळ धरा, पण मग घाई होते आणि या पावाला घाई सोसत नाही.

दुसरी गोष्ट वजनकाटा. ही चैन नाही, गरज आहे, आणि कारण उपवासात आहे. ईस्टरआधीचे सात आठवडे नेमाने पाळणारी माणसं मांस, अंडी, दूध, लोणी काही खात नाहीत. शनिवारी मध्यरात्री चर्चमध्ये पुनरुत्थानाची घोषणा झाली, मेणबत्ती पेटवून घरी आणली, की मग उपवास सुटतो. म्हणून तर या पावात इतकी अंडी आणि लोणी असतं. पण तो मळायचा असतो ऐन उपवासात, आणि चाखायची सोय नसते. नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करणाऱ्या घरांत हे वेगळं सांगायला नको. जिचा हात बसला आहे ती डोळ्यांनी आणि वासाने ओळखते. आपला हात बसेपर्यंत सगळं ग्रॅममध्ये मोजायचं. सुगंधी द्रव्यं एक ते पाच ग्रॅमची असल्याने काटा बारीक वजन दाखवणारा हवा.

ही द्रव्यंच सगळ्यांत आधी जमवा, निदान पंधरा दिवस आधी. महलेपी म्हणजे एका रानटी चेरीच्या बीतला गर. त्याला कडू बदामाच्या जवळ जाणारा वास असतो. अख्खाच घ्यावा आणि त्या दिवशी कुटावा. दळून ठेवलेली पूड लवकर खवट होते आणि तो खवटपणा भाजल्यावरही जात नाही. मस्तिहा हा ग्रीसमधल्या हिओस बेटाच्या दक्षिण भागातल्या झाडांचा डिंक. खोडाला चिरा देऊन, खाली गळलेले थेंब वेचून, हाताने साफ करून तो मिळवतात. ही परंपरा २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रूमी मस्तकी नावाने जे मिळतं ते हेच, पण भेसळ फार असते. स्वच्छ, फिकट पिवळे, ठिसूळ खडे असतील तरच घ्या. खलात तसाच कुटलात तर बत्त्याला चिकटून बसेल. आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि चमचाभर साखर घालून कुटा. तिसरी आपली वेलची. ती मात्र ताजी सोलून घाला, आपल्याला ती चांगली मिळते तर कंजुषी कशाला!

महलेपी मिळाली नाही तर? मस्तकी, वेलची आणि संत्र्याची किसलेली साल यांवर चांगला गोड पाव होतो, करा जरूर. पण भाजताना जिन्यापर्यंत जाणारा तो ओळखीचा वास महलेपीशिवाय येत नाही. व्हॅनिला घालून ती उणीव भरून काढायला जाऊ नका.

दोन मध्यम पावांना ५०० ग्रॅम पीठ पुरतं. पीठ ताकदीचं हवं. ग्रीसमध्ये खास त्सुरेकीसाठी म्हणून पाकिटं मिळतात, इतरत्र ब्रेडचं पीठ घ्या. साध्या मैद्याचा पाव केकसारखा भुरभुरतो, तोडताना तार सुटत नाही, आणि त्सुरेकीची सगळी परीक्षा त्या तारेत आहे. सोबत १५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लोणी, १२० मिलिलिटर दूध, दोन अंडी आणि एक पिवळा बलक, ८ ग्रॅम कोरडं यीस्ट, ५ ग्रॅम महलेपी, १ ग्रॅम मस्तिहा, २ ग्रॅम वेलची, ४ ग्रॅम मीठ. मस्तिहा वाढवायचा मोह होईल. आवरा, जास्त झाला की कडवट लागतो.

बुधवारी रात्री अंडी आणि लोणी फ्रीजबाहेर काढा, गार अंड्यांनी कणीक आखडते. रंगवायची अंडी वेगळी ठेवा आणि त्यांचं कवच तडकलेलं नाही ना ते बघा. लाल रंगाचं पाकीट नसेल तर कांद्याची बरीच सालं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात उकळून गाळून घ्या. रंग विटकरी येतो आणि फार देखणा दिसतो. वाळलेल्या अंड्यांवर तेलाचा हात फिरवला की चमकतात. पहिलं रंगवलेलं अंडं येशूची आई मारिया, तिचं म्हणून घरातल्या देवचित्रांपाशी वर्षभर ठेवतात. तेव्हा खाणाऱ्यांपेक्षा एक जास्त रंगवा.

गुरुवारी सकाळी लवकर लागा. दूध-साखर कोमट करा, बोट सहज बुडवता येईल इतकंच. फार गरम दुधात यीस्ट मरतं. इतकी साखर आणि स्निग्धता असली की यीस्ट मुळातच संथ चालतं. म्हणून कणीक तासाभरात फुगली नाही तर घाबरून यीस्ट वाढवू नका. दोन-तीन तास लागतात. लोणी वितळवून, निववून, सगळ्यात शेवटी थोडं थोडं घाला आणि कणीक ओढून, दुमडून, पुन्हा ओढून मळत राहा. ती हाताला चिकटेल, पण वरून पीठ भुरभुरू नका. पंधरा मिनिटांत तुकतुकीत होते. इथे घेतलेल्या कष्टांवरच तार अवलंबून आहे. अथेन्समध्ये एप्रिलला गारवा असतो, म्हणून भांडं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवतात. मुंबईच्या किंवा नागपूरच्या एप्रिलात उलटी काळजी, लोणी सुटून कणीक तेलकट होते. तिथे अर्धवट फुगल्यावर ती फ्रीजमध्ये ठेवलेली बरी. गार कणकेचे पेड वळायलाही सोपे जातात.

वेणी तीन पेडांची, सैल घालायची. घट्ट घातली की फुगताना फाटते. एका टोकाला अंड्यासाठी जागा ठेवा आणि तिथे साधं न रंगवलेलं अंडं बसवा. भाजून झाल्यावर ते काढून लाल अंडं ठेवलं की रंग पावात उतरत नाही. पुन्हा तासभर फुगू द्या, बलकात थोडं दूध फेटून ब्रशने दोनदा लावा, बदामाचे काप पेरा. ओव्हन आधीच १६५ अंशांवर तापलेला हवा. अर्धा तास ते पस्तीस मिनिटं लागतात. साखरेमुळे वरचा रंग लवकर चढतो, म्हणून विसाव्या मिनिटाला बघा आणि गडद झाला असेल तर फॉइल झाका. आतल्या तपमानाचा थर्मामीटर असेल तर ९० अंश.

पाव जाळीवर पूर्ण निवला की मगच गुंडाळा. कोमट असताना गुंडाळलात तर कवच ओलं होतं. चांगला गुंडाळलेला पाव रविवारपर्यंत मऊ राहतो. कुणाला द्यायचा असेल तर शनिवारी दुपारीच पोचवा, रात्री सगळे चर्चमध्ये असतात. आणि उरलेली महलेपी बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा, पुढच्या ईस्टरला उपयोगी पडेल.