किटचा पासंग

मागच्या मे महिन्यात मी सलग चार दिवस माझ्या खाऱ्या पाण्याच्या कोरलच्या (प्रवाळाच्या) टँकमध्ये खाण्याचा सोडा विरघळवून घालत होते. गरज मुळीच नव्हती. केएच म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, ती मोजते डीकेएचमध्ये; त्याचं किट ६ दाखवत होतं, मला ते ८ वर आणायचं होतं. किटने ८ दाखवलं त्या संध्याकाळी लेदर कोरल मुठीसारखं मिटून बसलं, कारण खरा केएच तेव्हा साडेदहाच्या पुढे गेला होता.

आणि हे करणारी बाई कोण, तर सदाशिव पेठेतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पंचवीस वर्षं काढलेली. तिथे पेशंटचा पहिला नमुना लावण्याआधी रोज कंट्रोल चालवायचो, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना. कंट्रोल बसला तरच पुढचं काम. घरच्या किटला मी एकदाही कंट्रोल लावला नव्हता.

दोष किटचा नव्हताच. नमुन्याचा रंग बदलेपर्यंत ज्या आम्लाचे थेंब मोजायचे, ती बाटली ऐन उन्हाळ्यात खिडकीच्या फळीवर राहिली होती, झाकण अर्धवट लावलेलं. आतलं पाणी उडालं, आम्ल जास्त तीव्र झालं आणि रंग बदलायला आठाऐवजी सहाच थेंब पुरले. तेव्हापासून सगळी किटं कपाटात, झाकण घट्ट, आणि बाटली उघडल्याची तारीख लेबलवर.

आता पद्धत. आकडा खरा आहे का, हा एक प्रश्न. तेच पाणी पुन्हा तपासलं तर तोच आकडा येतो का, हा दुसरा. नवखे लोक पहिल्याच्या मागे लागतात. मी दुसऱ्यापासून सुरू करते. तराजूला पासंग किती आहे हे ठाऊक असलं की वाकड्या तराजूवरही हिशोबाने माल मोजता येतो. दर वेळी वेगळीकडे कलणारा तराजू मात्र भंगारातच जायचा.

म्हणून आधी स्वतःचा हात तपासा. टँकचं कपभर पाणी काढा आणि त्याच कपातून केएच लागोपाठ तीनदा करा. मागचा आकडा मनातून काढून टाका, नाहीतर डोळे आपोआप त्याच थेंबावर थांबतात. तीन उत्तरं तीन तऱ्हेची आली, तर किटला शिव्या देण्याआधी दोन गोष्टी बघा.

पहिली, पाण्याचं माप. ट्यूबमधल्या पाण्याची कड काचेला लागून वर चढते; रेघेला टेकायला हवा तो मधला खोलगट तळ, आणि डोळा त्याच पातळीवर हवा. उभ्याउभ्या वरून बघितलं की चूक झालीच. ५ मिलीत पाव मिली इकडेतिकडे झालं तर ५ टक्के फरक तिथेच पडला. मी ट्यूबवरच्या रेघेवर विसंबतच नाही. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणते आणि हवेचा बुडबुडा काढून भरते.

दुसरी, थेंब. बाटली सरळ उलटी, तोंड खाली. तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. माझा विश्वास नव्हता, म्हणून सोनाराकडे असतो तसल्या ०.०१ ग्रॅमच्या छोट्या काट्यावर वीस थेंब सरळ आणि वीस थेंब तिरके मोजले. वजनं जुळली नाहीत. पहिला थेंब बहुतेक वेळा फुसका असतो, टोकात हवा असते. तो बाहेर टाका आणि मग मोजायला लागा. प्रत्येक थेंबानंतर ट्यूब हलवा.

हात बसला की कंट्रोल. केएचचा कंट्रोल स्वयंपाकघरात होतो. खाण्याच्या सोड्याचं ताजं पाकीट आणा. बेकिंग पावडर नको, ती वेगळी वस्तू. २.४ ग्रॅम सोडा १ लिटर शुद्ध पाण्यात पूर्ण विरघळवा. या पाण्याचा केएच ८०. त्यातलं १०० मिली घेऊन शुद्ध पाण्यानेच १ लिटर करा: केएच ८. लिटर मोजायला भांड्याच्या खुणा बघू नका, काट्यावर १ किलो पाणी घ्या. शुद्ध म्हणजे आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं) किंवा डिस्टिल्ड. घरच्या प्यायच्या आरओचं चालत नाही, बऱ्याच मशिनांत चवीसाठी क्षार परत मिसळतात. बोअरच्या पाण्याचं तर नावच काढू नका; आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीत त्या पाण्याने नळसुद्धा पांढरे पडलेत.

या बाटलीवर ‘केएच ८’ लिहून घट्ट झाकण लावून ठेवा आणि टँकच्या पाण्यासारखंच तपासा. माझ्या त्या किटने ६ दाखवलं. ही चूक दोनने वजा असल्यासारखी दिसते, पण आम्लाच्या तीव्रतेची चूक गुणाकारात चालते: आलेल्या आकड्याला ८ ने गुणून ६ ने भागायचं. साडेसात आलं तर मी असा हिशोब करून किट वापरते. ६ दाखवणारं टाकून दिलं. हा कंट्रोल थेंबांच्या किटसाठी आहे; रंग मोजणाऱ्या मीटरसाठी त्याच कंपनीचं स्टँडर्ड घ्यावं.

थेंबाला १ डीकेएच असं किट असेल, तर रंग आठव्या थेंबाला बदलला याचा अर्थ केएच ७ आणि ८ च्या मध्ये कुठेतरी आहे, एवढाच. नमुना दुप्पट, म्हणजे ५ ऐवजी १० मिली घेतला की एक थेंब अर्ध्याचा होतो. फुकटात दुप्पट बारकाई.

खरं तर सगळ्याच्या आधी खारटपणा बघायला हवा, कारण बाकीचे आकडे त्याच्या पाठोपाठ हलतात. किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षारांच्या जागी ३३ असतील तर ४२० पीपीएमचं (दहा लाखात ४२० भाग) कॅल्शियम ३९६ च्या आसपास दिसतं, आणि माणूस कॅल्शियम ओतायला धावतो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारी काच, नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. जिथे मोजायचं तिथेच जुळवायचा. ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी: यावर काच ३५ दाखवायला हवी. ३५ ग्रॅम मीठ घेऊ नका. समुद्रात नुसतं मीठ नसतं, प्रकाश वाकवण्याचं त्याचं गणित थोडं वेगळं आहे.

फॉस्फेटमध्ये रंगपट्टीवर माझा भरवसा नाही. इतका फिका निळा ट्यूबलाइटखाली एक, खिडकीत दुसरा. मीटर घ्या, पण त्याचाही पासंग ओळखा. फॉस्फरस पीपीबीमध्ये (शंभर कोटीत किती भाग) देणारं मीटर असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलं की पीपीएममध्ये फॉस्फेट मिळतं. १० पीपीबी म्हणजे साधारण ०.०३. आणि मीटरवर ±५ पीपीबी लिहिलं असेल, तर काल ६ आणि आज ११ यात काहीच घडलेलं नाही. बाटली पुसायला चष्म्याचं फडकं, आणि धुतल्यावर शेवटचा हात शुद्ध पाण्याचा, नाहीतर क्षाराचा डाग हेच फॉस्फेट म्हणून मोजलं जातं.

नायट्रेटच्या ज्या बाटलीच्या तळाशी साका बसतो ती जोरात, घड्याळ लावून हलवा. नाहीतर आकडा कमी येतो आणि आपण खूश. मॅग्नेशियम महिन्यातून एकदा पुरे. १३०० की १३५० यावर झोप घालवू नका.

माझा टँक १८० लिटरचा. लेदर, झोअँथिड, मश्रूम, अशी बिनदगडी कोरल, बस. दगडी कोरल आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तो विषयच नाही. रविवारी सकाळी साडेसातला, टँकचे दिवे लागायच्या आधी, बाल्कनीच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ट्यूब धरून तपासते आणि वहीत आकड्याशेजारी किटच्या बाटलीचा नंबर लिहिते. नवी बाटली आली की जुनी संपायच्या आत दोन्हींवर एकच पाणी तपासते. एरवी बाटली बदलल्याची उडी टँकच्या नावावर खपते.

आकडा अचानक उडालाच, तर त्या दिवशी टँकमध्ये काहीही घालायचं नाही. तीच टेस्ट पुन्हा, मग ‘केएच ८’ची बाटली, मग खारटपणा. तिन्ही ठीक निघालं तरी दुसऱ्या सकाळी एकदा तपासायचं आणि मगच सोड्याच्या डब्याला हात लावायचा. भाच्याने परवा धायरीहून घाबरून फोन केला, केएच ५ आलाय म्हणून. विचारलं, बाटली कशी धरलीस? थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘मावशी, थांब, परत करतो.’