पैनगंगेच्या काठानं कुत्रा घेऊन जाताय? हे वाचून मग बॅग भरा

उमरखेडकडून सहस्रकुंडाच्या धबधब्याला जायचं आणि तिथून काळ्या खडकांच्या घळीतून नदीच्या काठाकाठानं चालायचं, सोबत कुत्रा, तर बॅग भरायच्या आधी वाट पक्की करा. पैनगंगा अभयारण्य त्याच भागात आहे आणि त्याच्या हद्दीत कुत्रा न्यायचाच नाही, आपल्या कुत्र्याकडून डिस्टेंपरसारखे रोग जंगली जनावरांत जातात, आणि बिबट्याला कुत्रा म्हणजे आयती शिकार. गावात विचारून घ्या हद्द कुठून लागते. दुसरं विचारायचं ते पाण्याचं, वर इसापूरचं धरण आहे, गेट उघडले की खाली नदी चढते, म्हणून पावसाळ्यात घळीत उतरूच नका, नोव्हेंबर ते जानेवारी बेस्ट.

आता सामान. सगळ्यात जास्त वजन पाण्याचं असू द्या. वीस किलोच्या कुत्र्याला घरी बसूनच दिवसाला लिटरभर लागतं, चालताना दुप्पट धरा, आणि डबक्यातलं पिऊ देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा रोग, होतो. एक पसरट वाटी घ्या आणि त्यानं मागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला पाजा, कारण मालक चालतोय तोवर तो बिचारा थांबत नाही, तहान लागो की पाय भाजो. खडकावर तळहात ठेवून सात सेकंद मोजा, हात ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. म्हणून पहाटे निघा आणि दहा-साडेदहाच्या आत सावलीत या. धापा थांबेनात, लाळ घट्ट झाली, झोकांड्या जायला लागला तर तिथंच थांबून अंगभर साधं पाणी ओता, वारा घाला आणि सरळ दवाखाना गाठा. ढोरांच्या डॉक्टरचा नंबर घरूनच घेऊन ठेवा, घळीत रेंजचा भरवसा नाही.

गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीचा हार्नेस घ्या, कुठं घसरला तर वर ओढता येतो. दोरी दोन मीटरची बास, आणि सोडायची नाही! धबधब्याजवळ तर नाहीच, पण शेताच्या कडेनं जाताना जास्त जपा, रानडुकरांसाठी झटका मशीनच्या तारा असतात, कुठं कुठं लोक चोरून लाइनचा करंटही सोडतात, नदीतून ओला होऊन आलेला कुत्रा त्याला लागला तर संपलंच. बकऱ्यावाले दिसले की बाजूला थांबून त्यांना आधी जाऊ द्या, त्यांचे कुत्रे अंगावर येतात.

रेबीज आणि लेप्टोच्या लसी वेळेवर झालेल्या पाहिजेत. चिमटा, बँडेज, जुना टॉवेल ठेवा. खायला भाकरी, उकडलेलं अंडं चालतं, चिवड्यातले मनुके मात्र चुकूनही नाही, कुत्र्याच्या किडन्या जातात.

गाडीत बसवायच्या आधी बोटांच्या फटी उघडून बघा, कुसळ शिरलं तर आत आत सरकत जातं आणि पू होतो. कानाच्या मागं, काखेत गोचीड दिसला तर चिमट्यानं कातडीला चिकटून धरायचा आणि सरळ ओढायचा, रॉकेल-बिकेल लावायचं नाही.