आधी खुणा ठरवा: मिश्र गट बदामीच्या कड्यावर नेताना

कर्नाटकातल्या बदामीला दोर लावून कडा चढायला जाताना हेल्मेट, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा), शूज, चॉक (हात कोरडे ठेवणारी पूड), पाणी हे सांगायला नको. दोर 60 मीटरचा, खालच्या टोकाला गाठ, वर अँकर (दोर अडकवायची पक्की जागा) दोन बोल्टवर. एवढं ज्याला सांगावं लागतं त्याने गट घेऊन जाऊच नये.

आता जे मी विसरलो ते. गेल्या हिवाळ्यात आम्ही नऊ जण बदामीला गेलो. एकीला अजिबात ऐकू येत नाही, एकाला दिसत नाही, एकाचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम, आणि साठीचे एक काका, वजनाने आमच्यात सगळ्यात जड. सामान मी तीनदा तपासलं होतं. वरच्याने आणि खालच्याने एकमेकांना करायच्या हातांच्या खुणा ठरवल्या नव्हत्या. ऐकू न येणारी ती आमच्यातली सगळ्यात तयार क्लाइंबर, म्हणून तिची काळजीच वाटली नाही. ती सरसर वर पोचली, वळून खाली बघितलं. दोर शेजारच्या दोरात अडकला होता, म्हणून मी पंजा वर करून ‘थांब’ म्हटलं. तिला वाटलं, ‘धरलंय, ये’. ती मागे रेलली. दोरात ढील होती. दीड मीटर खाली येऊन तिचा घोटा कपारीवर आपटला. आम्ही सगळे खालून ओरडत होतो. कोणासाठी?

तेव्हा खुणा ठरवा. घरी, जमिनीवर, निघायच्या आधी. आणि ज्याला ऐकू येत नाही त्यालाच विचारून, कारण हातांची भाषा त्याची रोजची आहे, तुमची नाही. चार पुरतात: ताण, ढील दे, खाली सोड, थांब. चारही एका हाताच्या हव्यात. बिले देणाऱ्याचा, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याचा, ब्रेकचा (दोर रोखणारा) हात दोरावरून सुटता कामा नये, ग्रिग्री (दोर अडवायला मदत करणारं साधन) असली तरी नाही. म्हणजे त्याच्याकडे मोकळा हात एकच. बोटांच्या खुणा वीस मीटरवरून दिसत नाहीत, अख्खा दंड हलला पाहिजे. वरच्याने खूण बघितली की तीच करून दाखवायची. ती परत दिसेपर्यंत कोणी काही करायचं नाही. हा नियम मोडला तर चढाई थांबवा.

आणि वरचा खाली बघतच नसेल तर? मुख्य दोराला झटके देऊन भागत नाही, घर्षणात ते विरतात. हार्नेसच्या मागे एक बारीक दोरी सैल बांधा आणि ती दुसऱ्याच्या हातात द्या. दोन झटके म्हणजे ‘खाली बघ’. एवढाच अर्थ, दुसरा कुठलाही नाही.

दिसत नसलेल्या मित्राचं उलट. त्याला आवाज हवा, आणि एकाच माणसाचा. गेल्या वेळी चौघे एकदम सांगत होते आणि तो कड्याला चिकटून ‘एकानेच बोला रे’ म्हणत होता. घड्याळाचे काटे वापरा: ‘उजवा हात, दोन वाजता, वीतभर वर’. ‘इथे’, ‘तिकडे’ हे शब्द बंद. स्पर्धांमध्ये यासाठी गाइड कानातल्या हेडसेटवर बोलतो. आपल्याला दोन वॉकीटॉकी पुरतात. चढण्याआधी पायथ्याचा खडक त्याला हाताने चाचपू द्या.

कृत्रिम पाय असलेल्याला काय लागतं ते त्यालाच विचारा, तुम्ही ठरवू नका. उन्हात घाम येतो, दिवसभरात उरलेल्या पायाचा आकार कमीजास्त होतो, सॉकेट (कृत्रिम पायाचा, तो ज्यात बसतो तो भाग) सैल पडतं. वेगवेगळ्या जाडीचे जादा मोजे, कोरडा टॉवेल, त्या पायाचे स्क्रू आवळायला लागणारी एलन की. चढताना पाय निसटला तर खालच्याच्या डोक्यावर येईल, म्हणून तो एका दोरीने हार्नेसला बांधलेला हवा. हार्नेस घरी लटकून बघा. पाय मांडीपासून नसेल तर मांडीचा पट्टा निसटतो. मग छातीचाही हार्नेस लागतो. कोणालाही न हलता हार्नेसमध्ये लटकत ठेवू नका. पायात रक्त साचून शुद्ध हरपू शकते. लगेच खाली घ्या.

काकांना बिले द्यायला हलकी मुलगी उभी करू नका; केलीच तर तिला मागे जमिनीवरच्या पक्क्या अँकरला बांधा.

जागा निवडताना चढाई किती सोपी ते नंतर, आधी वाट बघा. कड्याच्या पायथ्यापर्यंत प्रत्येकजण पोचतो का? बसायला सपाट सावली आहे का? जवळचं शौचालय किती लांब? हे बायका आणि कृत्रिम पायवाले विचारायला संकोचतात, म्हणून तुम्हीच सांगा. लेणी आणि मंदिरांच्या आसपास दोर लावायचा नाही. पाऊस पडून गेला असेल तर चढू नका. बदामीचा वालुकाश्म ओला झाला की ठिसूळ होतो, पकड हातात येते. कड्यावर आग्यामोहोळ दिसलं तर ती जागा सोडा, वाद नको. अत्तर, डिओ घरी ठेवा. ज्याला पळता येत नाही त्याला माश्या आल्यावर कोण उचलणार हे आधीच ठरवा, नावानिशी.

माकडं डबा नेतात. पिशवी बंद.

संध्याकाळी अंधार पडायच्या तासभर आधी शेवटचा माणूस खाली. कारण तेच: अंधारात खुणा दिसत नाहीत. उशीर झालाच तर बिले देणाऱ्याच्या खूण करणाऱ्या हातावर हेडलॅम्प धरून ठेवायला दुसरा माणूस घ्यावा, वरच्याच्या डोळ्यांवर मारू नये.

परतीला स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर आहे, रिक्षा आधी सांगून ठेवा. खालचे बर्थ कोणाला ते तिकीट काढतानाच बघा. कॅरबिनर (दोर अडकवायच्या कड्या) मोजा. प्रथमोपचारात क्रेप बँडेज दोन. खुणांचा कागद दोराच्या पिशवीतच राहू द्या, काढू नका.