मराठवाड्यातल्या धरणांवर ऑस्प्रे: ओळखायचा कसा, जपायचा कसा

ऑस्प्रेसाठी, म्हणजे मासे मारून खाणाऱ्या या शिकारी पक्ष्यासाठी, काही करायचं म्हटलं की लोकांच्या डोक्यात आधी घरट्याचा मंच येतो. युरोप-अमेरिकेत खांबावर लाकडी मंच बांधतात, तिथे हा पक्षी वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर परततो, ते ठीकच. पण आपल्याकडे तो विणीला येत नाही, हिवाळा काढायला येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरेकडून उतरतो आणि मार्च-एप्रिलमध्ये निघून जातो. म्हणून जायकवाडी, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी यांपैकी कुठेही मंच बांधणं म्हणजे पैसे पाण्यात. इथे त्याला तीनच गोष्टी लागतात: उथळ पाण्यात मासा, निवांत बसायला उघडी जागा, आणि जाळी-तारांपासून सुटका.

आधी ओळख. पंख पसरले की दीड मीटरच्या आसपास भरतात. वरून गडद तपकिरी, खालून पांढराशुभ्र, पिवळ्या डोळ्यातून मानेपर्यंत गेलेला काळा पट्टा. उडताना पंख मनगटात मोडलेले दिसतात, त्यामुळे लांबून तो मोठ्या कुरवासारखा भासतो. मनगटाखाली काळसर डाग असतो. मादीच्या छातीवरचा तपकिरी पट्टा सहसा जास्त ठळक असतो. पाठीवरच्या पिसांना फिक्या कडा असतील तर पिल्लू त्याच वर्षीचं.

घोटाळा होतो तो सापमार गरुडाशी. तोही खालून पांढरा आणि हवेत एका जागी फडफडत थांबतो. पण त्याचं डोकं मोठं, घुबडासारखं असतं, डोळ्यावर पट्टा नसतो आणि तो सहसा माळावर शिकार करतो. ब्राह्मणी घारीचं अंग विटकरी असतं, तिथे गोंधळाला कारण नाही. दलदली भोवत्या हा दुसरा शिकारी पक्षी पाण्यालगत उडत गेला की चांदवे आणि बदकं गडबडून उठतात. ऑस्प्रे डोक्यावर घिरट्या घालत असला तरी ती त्याला फारशी मोजत नाहीत. दुर्बीण लावण्याआधीच ही खूण कामी येते.

पाहायला सकाळी पूर्वेकडच्या काठावर उभं राहा. ऊन पाठीशी राहतं आणि हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा ईशान्य-पूर्वेकडून येत असल्यामुळे तोही पाठीशी असतो. ऑस्प्रे वाऱ्याला तोंड देऊन थांबतो, म्हणजे तुमच्याकडे तोंड करून. चेहरा आणि छाती नीट दिसते. दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२ पुरते. पाणी गढूळ असेल किंवा वाऱ्याने खूप लाटा असतील तर त्याला मासा दिसत नाही, मग तो बसून राहतो. अशा दिवशी आकाशाकडे बघत न बसता पाण्यात उभी वाळलेली झाडं आणि विजेचे खांब तपासा.

शिकार मात्र सावकाश पाहावी. दहा ते चाळीस मीटर उंचीवर थांबतो, पंख मागे ओढतो आणि शेवटच्या क्षणी पाय पुढे काढून आदळतो. साधारण मीटरभर खोलीपर्यंतच पोचतो, म्हणून खोल पाण्यापेक्षा उतरत्या काठाचं पाणी त्याच्या सोयीचं. नाकपुड्या मिटतात, बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन बोटं पुढे, दोन मागे अशी पकड बसते, आणि तळव्यावरचे बारीक काटे निसरडा मासा सुटू देत नाहीत. वर आल्यावर अंग झटकतो आणि माशाचं तोंड पुढे करून धरतो, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी. मासा बहुतेक दीडशे ते तीनशे ग्रॅमचा. चिलापी असो की रोहूचं पिल्लू, मोठ्या कटल्याच्या वाटेला तो सहसा जात नाही. मासेमारांनी तक्रार केली तर हा आकडा सांगावा.

खात बसलेल्या पक्ष्यापासून दीडशे-दोनशे मीटर लांब राहा. मान उंचावून तुमच्याकडे टक लावली की थांबा, शीट टाकून पुढे झुकला की मागे फिरा. फोटोसाठी होडी किंवा थर्माकोलचा तराफा जवळ नेला तर तो मासा घेऊन उडतो आणि घारी त्याच्या मागे लागून मासा पाडायला लावतात.

नोंद ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) करा आणि दिसलेले सगळे पक्षी लिहा, एकटा ऑस्प्रे नको. मोठ्या जलाशयावर तोच पक्षी दोन काठांवरून दोनदा मोजला जातो, म्हणून वेळ आणि उडाल्याची दिशा लिहून ठेवा. मे-जूनमध्ये दिसला तर चूक समजून नोंद खोडू नका. लहान पक्षी पहिला उन्हाळा हिवाळी मुक्कामीच काढतात. पायात कडं असेल तर कोणत्या पायात, रंग आणि अक्षरं टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा.

आता बसायची जागा. धरणात बुडालेली जुनी बाभळी-लिंबाची खोडं सरपणाला तोडली जातात. ती वाचवता आली तर बसण्यासाठी वेगळा खांब रोवायची गरजच नाही. नसतील तर साडेसात मीटरचा निलगिरीचा वासा घ्या. मे महिन्यात, पाणी उतरलेलं असताना, पूर्ण पातळीच्या सुमारे दीड मीटर खाली जागा निवडा (जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट). सव्वा मीटर गाडला की भरलेल्या धरणात पाण्यावर पावणेपाच मीटर उरतो. वर ७५ सेंटिमीटर लांब, ४-५ सेंटिमीटर जाडीचं गोल लाकूड आडवं बसवा. लोखंडी पाइपवर पकड बसत नाही. सगळ्यात जास्त फसतं ते खड्ड्यात. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तीच माती परत भरली तर खांब कलतो. खड्डा दीडपट रुंद करून दगड-मुरूम थर देऊन ठोका. डांबर गाडायच्या भागालाच लावा, जळकं ऑइल अजिबात नको. विजेच्या तारेपासून किमान शंभर मीटर दूर, गाळपेर शेताच्या (पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या) वाटेपासूनही लांब. जायकवाडी १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय फावडं लावू नका. इतर धरणांवर जलसंपदा विभागाला विचारा.

गाळपेरीच्या जमिनीवर फवारलेलं औषध पाणी चढलं की थेट धरणात मिसळतं. विसाव्या शतकात डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन अमेरिकेत या पक्ष्याची संख्या कोसळली होती. तिथे १९७२ मध्ये बंदी आली, मग संख्या सावरली. निदान पंप आणि रिकाम्या बाटल्या काठावर धुऊ नका, हे शेतकऱ्यांशी बोलता येण्यासारखं आहे.

तंगूस (नायलॉनच्या बारीक दोऱ्याच्या) जाळ्यात किंवा संक्रांतीच्या नायलॉन मांजात अडकलेला पक्षी दिसला तर आधी १९२६ वर वन विभागाला फोन. ते येईपर्यंत हात लावायची वेळच आली तर डोक्यावर सुती टॉवेल टाका आणि चामडी हातमोजे घालून दोन्ही पाय नख्यांच्या वर धरा, मध्ये एक बोट ठेवून. धोका चोचीपेक्षा नख्यांचा आहे. जाळं ओढू नका, कात्रीने तुकड्या-तुकड्याने कापा. पिसांत गेलेला धागा आणि रुतलेला गळ तसाच राहू द्या. साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला जुनं कापड घाला, अंधारात ठेवा. पाणी, मासा काही देऊ नका आणि धडधाकट वाटला तरी सोडू नका. पंखाला तंगूस काचली असेल तर सूज नंतर दिसते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला पक्षी आहे, घरी ठेवणं गुन्हा ठरतो. पक्षी सोपवताना जागा, वेळ आणि जाळ्याचा तुकडाही सोबत द्या.