ट्रॉली जोडताना पिनकडे आधी बघा

लासलगाव, पिंपळगावला कांदा न्यायच्या आधी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी पिन काढून हातात घ्या. मधोमध जिथे ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याची कडी घासते तिथे नख फिरवा. नख अडकेल एवढी खाच पडली असेल तर पिन बदलाच. त्याजागी सळईचा तुकडा किंवा बोल्ट नको. सळई वाकते, बोल्ट आट्यांपाशी तुटतो. पिन नेहमी वरून खाली घाला आणि खाली लिंच पिन (पिन निसटू नये म्हणून लावायची कडीची छोटी पिन) लावा. तार गुंडाळून भागत नाही, धक्क्यांनी ती सुटते.

दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून बांधा, म्हणजे पिन निसटली तरी दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांवर पडतो. वळणापुरती ढील ठेवा, पण जमिनीला घासेल इतकी नाही.

दोन चाकी ट्रॉलीत माल मागे ढीग लावून भरू नका. मग दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि चांदवडजवळ राहुड घाटात पकड सुटते. ओझे किंचित पुढे असावे. ट्रॉली ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरमागच्या खालच्या ओढपट्टीला) जोडा, टॉप लिंकच्या (अवजारे जोडायच्या वरच्या दांडीच्या) जागी कधीच नाही. नाहीतर चढाला ट्रॅक्टर पुढून उचलून उलटतो. डांबरी रस्त्याला लागण्याआधी डाव्या-उजव्या चाकांची दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडून घ्या.