कन्डेन्स्ड सूपचा डबा: पाणी कधी घालायचं, कधी नाही

कन्डेन्स्ड, म्हणजे पाणी कमी करून दाट केलेल्या सूपच्या डब्यावर लिहिलेलं असतं, ‘एक डबा पाणी घालून गरम करा.’ ही सूचना फक्त सूप प्यायचं असेल तेव्हाची. अमेरिकन रेसिपीत ‘एक डबा क्रीम ऑफ मश्रूम सूप’ लिहिलं असेल, तर डब्यातला दाट गोळा तसाच्या तसा वापरायचा. ‘आधी पातळ करून घ्या’ असं सांगणाऱ्याने तो पदार्थ कधी केलेलाच नसतो. पातळ केलेलं सूप घातलं तर ओव्हनमध्ये भाजायच्या बटाट्याच्या थरांत पाणी साठतं आणि वर चीजची पोकळ साय तेवढी राहते.

ही गोष्ट मुळात पाणी काढून टाकण्यासाठीच जन्मली. 1897 साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये कॅम्पबेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ जॉन डोरन्स यांनी सूपमधलं निम्मं पाणी कमी केलं. डबा लहान झाला, वाहतूक स्वस्त झाली आणि सूप 10 सेंटला विकता आलं. 1934 मध्ये क्रीम ऑफ मश्रूम आलं आणि अमेरिकन घरांत ते प्यायच्या सूपपेक्षा तयार व्हाइट सॉस म्हणूनच जास्त रुळलं. डब्याकडे तसंच बघा: मैदा, स्टार्च, साय आणि मीठ घालून आधीच आळवलेला सॉस.

आता नेहमी बिघडणारी पायरी: सूप प्यायचं असेल किंवा रेसिपीतच दूध सांगितलं असेल, तेव्हा ते सूपमध्ये मिसळणं. मलाही हीच जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. डबा उघडून उलटा केला की सूप डब्याच्याच आकारात, कडेच्या वळ्यांसकट, पातेल्यात उतरतं. त्यावर दूध किंवा पाणी एकदम ओतून गॅस लावला की गोळ्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा बाहेरून गरम होऊन घट्ट होतो आणि आत थंडच राहतो. मग कितीही घोटा, गुठळ्या हटत नाहीत. मिक्सर फिरवला तर मश्रूमचाही लगदा होतो.

म्हणून गॅस बंद. पातेलं थंड. आधी नुसतं सूप व्हिस्कने किंवा रवीने घोटायचं, ते मऊ होऊन चकाकू लागेपर्यंत. मग दोन-तीन चमचे दूध घालून पूर्ण मिसळायचं, पुन्हा तेवढंच. मिश्रण डोशाच्या पिठाइतकं सैल झालं की उरलेलं दूध बिनधास्त ओता. त्यानंतरच गॅस मध्यम आचेवर, तळापासून ढवळत. कडेला बुडबुडे आले की बंद. खदखदा उकळू नका, तळाला लागतं.

टोमॅटो सूपला आणखी एक धोका असतो. टोमॅटो आंबट, त्यामुळे दूध फाटतं. इथे सायीसकटचं दूध घ्या, पातळ बिनसायीचं नको, आणि मिश्रण उकळीपर्यंत कधीच नेऊ नका. एवढं सांभाळायचं नसेल तर सरळ पाणी घाला.

मीठ शेवटी, चव घेऊनच. कॅम्पबेलच्या साध्या क्रीम ऑफ मश्रूमच्या अर्ध्या कपात 800 मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी 2000च्या आत राहा म्हणते. चीज आणि सोया सॉसही खारट असतात, हे धरून चाला. शाकाहारी असाल तर ‘मश्रूम’ नावावर जाऊ नका, घटकांची यादी वाचा. काही सूपांत चिकनचा किंवा बीफचा स्टॉक असतो.

वापरून बघायला सगळ्यात चांगला पदार्थ म्हणजे थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचं फरसबीचं कॅसरोल (सगळं एकाच भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ), 1955 मध्ये कॅम्पबेलच्याच स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी बसवलेलं. एक डबा सूप, अर्धा कप दूध, एक चमचा सोया सॉस, मिरपूड, 4 कप शिजवलेली फरसबी आणि दोन तृतीयांश कप कुरकुरीत तळलेला कांदा एकत्र करा. ओव्हनमध्ये 175 अंश सेल्सिअसला 25 मिनिटं. वर तेवढाच कांदा पसरून आणखी 5 मिनिटं. हा वरचा कांदा आधीच पसरलात तर जळतो.

भारतात डबा मिळत नसेल तर पाकिटातली सूप पावडर त्याच्या जागी घालू नका, तिला सायीचा दाटपणा नसतो. 3 टेबलस्पून लोण्यावर एक कप बारीक चिरलेले मश्रूम पाणी आटेपर्यंत परता, 3 टेबलस्पून मैदा घालून कच्चा वास जाईपर्यंत भाजा आणि पाऊण कप दूध थोडं थोडं घालत आळवा. चमचा उभा राहील इतकं दाट हवं. साधारण एका डब्याएवढं होतं.

उरलेलं सूप उघड्या डब्यात ठेवू नका. काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. क्रीमवालं सूप फ्रीझरमध्ये नको, वितळताना पाणी सुटतं.