क्रेनच्या लिव्हरला हात लावण्याआधी

गावाकडून पोरांचे फोन येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, "दादा, हायड्रा किती दिवसांत शिकता येईल?" हायड्रा म्हणजे माल उचलून घेऊन चालणारी क्रेन. तिचे लिव्हर आठवडाभरात हातात बसतात. मी चाकणला दीड वर्ष हेल्पर होतो. खरं काम शिकलो ते हुकाखाली उभा राहून.

कागदांचं आधी उरका. मोठ्या साइटवर जड वाहनाचा परवाना मागतात. त्याला वयाची 20 वर्षं पूर्ण लागतात आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना असावा लागतो. म्हणून अठरा संपले की लगेच हलक्या वाहनाचा परवाना काढून घ्या. क्रेनच्या कोर्सला पैसे भरण्याआधी प्रशिक्षण केंद्रात जाऊन एवढंच विचारा, की प्रत्यक्ष मशीनवर किती तास बसवणार?

मग हेल्पर म्हणून लागा. उस्तादाची, म्हणजे अनुभवी ऑपरेटरची, भाषा कानावर पडू दे: हाबेस म्हणजे वर, आर्या म्हणजे खाली. ग्रीसिंग करा, रोज वायर रोप बघा, तुटलेल्या तारा मोजा. आणि वजन काढायला शिका. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करून 162 ने भागा, मीटरमागे किलो मिळतात. 16 ची 12 मीटर सळई म्हणजे जवळपास 19 किलो. आरसीसी घनमीटरला अडीच टन धरा.

माल हुकाला अडकवायच्या पट्ट्याचा कोन हेल्परच्याच हातात असतो. दोन पायांचा पट्टा आडव्या रेषेशी 60 अंशात असेल, तर एका पायावर वजनाच्या 58 टक्के ताण येतो. तोच 30 अंशांवर पसरला की प्रत्येक पायावर पूर्ण वजनाइतका ताण! हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एक पट्टा डोळ्यांदेखत तुटला तेव्हा कळलं. खाली कुणी नव्हतं.

केबिनमध्ये बसलात की आधी लोड चार्ट वाचा, म्हणजे बूम (क्रेनचा लांब हात) किती लांब असताना किती वजन उचलता येतं त्याचा तक्ता. 14 टनांची हायड्रा 14 टन उचलते ती बूम आखूड आणि माल अगदी जवळ असताना. बूम लांबवत गेलात की क्षमता झपाट्याने घटते. माल घेऊन वळतानाही घटते, कारण हायड्रा मधोमध वाकते. माल जमिनीलगत ठेवा, हळू चला. बूममुळे एका बाजूचं दिसत नाही, तिथे माणूस चालू देऊ नका. टॅग लाइन, म्हणजे माल झुलू नये म्हणून बांधलेली दोरी, धरणारा लांबच हवा.

जॅकवाल्या, म्हणजे बाजूला पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या, क्रेनला पावसाळ्यातली काळी माती सगळ्यात वाईट. वरून सुकलेली दिसते, आत लोणी असतं. सोलापूर रस्त्याच्या एका साइटवर माझा एक जॅक वीतभर खचला, माल हवेत होता. उस्ताद ओरडला, "आर्या, आर्या, फिरवू नको!" माल सरळ खाली टेकवला म्हणून क्रेन उभी राहिली. तेव्हापासून जॅकखाली रेल्वेचे लाकडी स्लीपर टाकल्याशिवाय मी बूम उचलत नाही, सुपरवायझर कितीही घाई करो.

इशारे एकाच माणसाचे घ्यायचे. थांबण्याचा इशारा मात्र कुणाचाही, अगदी पाणी देणाऱ्या पोराचाही.